ताटातील भाजी आणि शरीरातील गंज

घरातील लोखंडी विळी पावसाळ्यात दोन-चार दिवस ओलसर राहिली की तिच्यावर तांबूस गंज चढतो. बरणीच्या तळाशी उरलेले तेल काही आठवड्यांनी खवट लागू लागते. चिरलेले वांगे पाण्यात टाकण्यास थोडा विलंब झाला की त्याच्या फोडी काळवंडतात. स्वयंपाकघरात रोज दिसणाऱ्या या तीन गोष्टी परस्परांपासून फार भिन्न वाटतात. परंतु रसायनशास्त्र त्यांना एकाच कुळातील मानते. तिन्ही ठिकाणी हवेतील प्राणवायू, म्हणजेच ऑक्सिजन, पदार्थाशी संयोग पावून त्याचे रूप पालटीत असतो. या क्रियेला ऑक्सिडीकरण असे म्हणतात. ज्या वायूवाचून माणूस काही मिनिटेही तग धरू शकत नाही, तोच वायू आपल्या सहवासातील वस्तूंना हळूहळू झिजवीतही असतो.

हा विरोधाभास फार पूर्वीच एका चाणाक्ष निरीक्षकाच्या ध्यानात आला होता. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये प्राणवायू वेगळा काढला. या वायूत मेणबत्ती अधिक तेजाने जळते आणि लवकर संपतेही, हे त्यांनी पाहिले. आणि शुद्ध प्राणवायूत माणसाचे आयुष्यही असेच लवकर जळून जाणार नाही ना, अशी शंका त्यांनी बोलून दाखविली. त्या शंकेला शास्त्रीय रूप मिळण्यास पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली.

शरीराच्या बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाची अतिसूक्ष्म इंद्रिये असतात. तेथे अन्नातील इलेक्ट्रॉन पायरीपायरीने खाली उतरतात, त्यातून ऊर्जा मिळते आणि अखेरीस प्राणवायूच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळून त्याचे पाणी होते. हा व्यवहार सामान्यतः अत्यंत चोख चालतो. परंतु कधी कधी एखादा इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतो आणि प्राणवायूच्या रेणूला एकटाच जाऊन चिकटतो. रेणूतील इलेक्ट्रॉन जोडीजोडीने नांदत असतात. जोडीदाराविना राहिलेला इलेक्ट्रॉन ज्याच्या ठायी असतो त्या रेणूला किंवा अणुसमूहाला मुक्त मूलक म्हणतात. तो अस्वस्थ असतो आणि शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावून आपली उणीव भरून काढू पाहतो. ज्याचा इलेक्ट्रॉन गेला तो शेजारी मग स्वतःच मुक्त मूलक बनतो आणि पुढच्यावर झडप घालतो. अशा रीतीने एक साखळीच सुरू होते. पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये, प्रथिने आणि आनुवंशिकतेचा लेख जपणारे डीएनए या सर्वांना त्या साखळीची झळ पोचू शकते. बरणीतील तेल खवट होते तेव्हाही स्निग्ध द्रव्यांत अशीच साखळी चाललेली असते.

मुक्त मूलकांचा शोध तसा जुना आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० मध्ये पहिला सेंद्रिय मुक्त मूलक तयार करून दाखविला. तथापि सजीवांच्या शरीरातही त्यांचा संचार असावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आली. मूळच्या अर्जेंटिनाच्या रेबेका गर्शमन यांनी १९५४ मध्ये सहकाऱ्यांसह असे प्रतिपादन केले की, अति प्राणवायूने होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलकच आहेत. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, डेनम हार्मन यांनी वार्धक्याचे कारणही तेच असावे, असा सिद्धांत मांडला. १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना शरीरात एक असे एन्झाइम आढळले की ज्याचे काम सुपरऑक्साइड नावाच्या मुक्त मूलकाचा निकाल लावणे, एवढेच होते. शरीराने ज्याअर्थी चोरासाठी खास शिपाई नेमला आहे, त्याअर्थी चोर खराच असला पाहिजे, हे त्यावरून सिद्ध झाले. १९८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी या सर्व विचाराला नाव दिले. झीज घडविणाऱ्या द्रव्यांचे पारडे संरक्षक द्रव्यांपेक्षा जड झाले म्हणजे जी अवस्था उद्भवते, तिला ते ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

शरीराची संरक्षणव्यवस्था एकेरी नाही. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशी एन्झाइमे पेशीत अहोरात्र पहारा करतात. ग्लुटाथायोन हे लहानसे द्रव्य शरीर स्वतःच मोठ्या प्रमाणावर घडविते. रक्तातील यूरिक आम्लदेखील या कामी मदत करते. त्यांच्या जोडीला अन्नातून येणारी द्रव्ये आहेत. स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन मुक्त मूलकाला शांत करणारी आणि तो दिल्यावरही स्वतः फारशी न खवळणारी अशी जी द्रव्ये, त्यांना प्रतिऑक्सिडीकारक अथवा अँटिऑक्सिडंट म्हणतात. क आणि ई ही जीवनसत्त्वे त्यांतील अग्रणी होत. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणूस, माकडे आणि गिनीपिग यांनी मात्र ही कला गमावली आहे. त्यामुळे ताज्या फळभाज्यांना पारखे झालेले खलाशी एके काळी स्कर्व्हीने मरत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने संत्री-लिंबे देऊन तो रोग बरा करून दाखविला. पुढे हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी यांनी हे द्रव्य हंगेरीतील लाल मिरचीतून विपुल प्रमाणात मिळविले. त्यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पतींजवळ ही द्रव्ये इतकी विपुल का असावीत, याचे उत्तर त्यांच्या जीवनक्रमात आहे. झाडाला ऊन चुकवून सावलीत जाता येत नाही. भर दुपारच्या उन्हात त्याचे पान प्रकाश शोषते, पाण्याचे विघटन करते आणि प्राणवायू निर्माण करते. म्हणजे जेथे प्रखर प्रकाश तेथेच ताजा प्राणवायू, असा हा धोक्याचा कारखाना आहे. तो सुरक्षित राहावा म्हणून वनस्पतींनी अनेक रंगद्रव्ये घडविली. गाजराचा केशरी रंग आणि टोमॅटोचा लाल रंग हे कॅरोटिनॉइड वर्गातील. जांभळाचा आणि वांग्याच्या सालीचा जांभळा रंग अँथोसायनिन वर्गातील. पालकाच्या पानातही कॅरोटीन भरपूर असते; हिरव्या रंगाखाली ते झाकले जाते, इतकेच. चहातील कॅटेचिने, हळदीतील कुर्कुमिन, कांद्यातील क्वेर्सेटिन ही याच मोठ्या परिवारातील मंडळी. आवळ्यात तर लिंबाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते.

एवढी माहिती हाती आल्यावर मनुष्याची बुद्धी साहजिकच एका सरळ अनुमानाकडे वळली. मुक्त मूलकांनी झीज होते. वनस्पतींतील द्रव्ये मुक्त मूलकांना शमवितात. भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत कर्करोग आणि हृदयविकार कमी आढळतात. मग ती द्रव्येच वेगळी काढून गोळीच्या रूपाने दिली तर? १९८१ मध्ये रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न बीटा-कॅरोटीनच्या संदर्भात जाहीरपणे विचारला. त्यांचा स्वर सावध होता. प्रयोग करून पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानुसार मोठे प्रयोग हाती घेण्यात आले.

पहिला महत्त्वाचा प्रयोग फिनलंडमध्ये झाला. ५० ते ६९ वर्षे वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष त्यासाठी निवडले गेले. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे त्यांचे गट पाडण्यात आले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना केवळ दिखाऊ गोळी देण्यात आली. पाच ते आठ वर्षे हा क्रम चालला. १९९४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा तज्ज्ञ अवाक् झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढले होते आणि एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी अधिक झाले होते.

हा केवळ योगायोग असेल, अशी आशा काहींनी बाळगली. परंतु अमेरिकेत याच वेळी दुसरा प्रयोग चालू होता. त्यात धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले मिळून १८,३१४ लोक होते. त्यांपैकी एका गटाला रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि जोडीला अ जीवनसत्त्व दिले जात होते. जानेवारी १९९६ मध्ये तो प्रयोग नियोजित मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावा लागला. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी व मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक आढळले. त्याच वर्षी २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या प्रयोगाचा निष्कर्षही प्रसिद्ध झाला. या मंडळींत धूम्रपान करणारे थोडे होते. त्यांना बीटा-कॅरोटीनपासून अपाय झाला नाही आणि लाभही झाला नाही.

फिनलंडच्या प्रयोगातील एक तपशील विशेष विचार करायला लावणारा आहे. गोळ्या सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाच्या आहाराची नोंद घेतली होती व रक्त तपासले होते. ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा-कॅरोटीन मुळातच अधिक होते, त्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. म्हणजे एकाच देशात, एकाच प्रकारच्या माणसांत, गाजर-पालकातून आलेले कॅरोटीन आरोग्याच्या संगतीत आढळले आणि गोळीतून आलेले रोगाच्या. गाजर खाणारा माणूस इतरही अनेक गोष्टी वेगळ्या करीत असतो, हे त्याचे एक कारण. त्याच्या रक्तातील कॅरोटीन ही त्याच्या एकंदर राहणीची खूण असते. खूण म्हणजेच कारण, असे मानले गेले, येथेच पहिली चूक झाली.

अपाय का व्हावा, याचाही उलगडा पुढे बराचसा झाला. बीटा-कॅरोटीन एका मर्यादेपलीकडे गेले आणि भोवती प्राणवायूचा दाब अधिक असला तर ते संरक्षण करण्याऐवजी ऑक्सिडीकरणास हातभार लावू शकते, हे १९८४ मध्येच प्रयोगशाळेत दिसून आले होते. फुप्फुसात प्राणवायू भरपूर आणि धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात त्यावर धुराचा मारा. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर १९९९ मध्ये झालेल्या प्रयोगात मोठ्या मात्रेतील बीटा-कॅरोटीन आणि सिगारेटचा धूर यांनी मिळून फुप्फुसांतील पेशींत कर्करोगपूर्व बदल घडवून आणले. १९१४ मध्ये नव्हे तर अगदी अलीकडे, २०१४ मध्ये, स्वीडनमधील गॉटेनबर्ग येथे उंदरांवर झालेल्या संशोधनाने आणखी एक धागा दाखविला. कर्करोगाच्या पेशीही ऑक्सिडीकरणाच्या ताणाखाली असतात. बाहेरून संरक्षक द्रव्य पुरविले की तो ताण हलका होऊन त्या अधिक जोमाने वाढू शकतात. पहारेकऱ्याला दिलेली ढाल चोराच्याही हाती पडावी, तसा हा प्रकार झाला.

ई जीवनसत्त्वाची कथाही फारशी निराळी नाही. ३५,५३३ पुरुषांवर अमेरिका व कॅनडात झालेल्या प्रयोगात रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. २०१२ मध्ये अशा ७८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यांत २,९६,७०७ माणसांचा समावेश होता. या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व यांच्या बाबतीत तर मृत्यू किंचित वाढल्याचेच दिसले. न्यायाने एक अपवाद नोंदविला पाहिजे. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा जो विकार होतो, त्याच्या मधल्या अवस्थेतील रुग्णांना क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन आणि जस्त यांच्या मिश्रणाने विकार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला, असे २००१ मध्ये सिद्ध झाले. पुढे, २०१३ मध्ये, धूम्रपान केलेल्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यातून बीटा-कॅरोटीन काढून टाकण्याचा मार्ग मिळाला. विशिष्ट रोगावर, विशिष्ट रुग्णाला, डॉक्टरच्या सल्ल्याने दिलेले औषध आणि निरोगी माणसाने दुकानातून आणलेली बाटली यांतील भेद या अपवादाने अधिकच स्पष्ट होतो.

मुक्त मूलक हे केवळ शत्रूच होत, ही समजूत ही दुसरी चूक होती. शरीर त्यांना हत्यार म्हणूनही वापरते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि सुपरऑक्साइडपासून निघणाऱ्या द्रव्यांचा मारा करून त्याला ठार करतात. जन्मतःच ज्यांच्या पांढऱ्या पेशींना हे हत्यार तयार करता येत नाही, त्या मुलांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात. मुक्त मूलक निरोपाचेही काम करतात. व्यायामात स्नायू अधिक प्राणवायू वापरतो, त्यात थोडे मुक्त मूलक अधिक निर्माण होतात, आणि त्यांच्याकडूनच स्नायूला अधिक सक्षम होण्याची सूचना मिळते. २००९ मध्ये जर्मनीत सुमारे चाळीस तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावण्यात आले; त्यांतील निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले. व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, हा त्याचा एक मोठा लाभ. गोळ्या न घेणाऱ्यांना तो मिळाला, घेणाऱ्यांना मिळाला नाही. निरोप पोचण्यापूर्वीच जासूद अडविला गेला होता.

तिसरी चूक मात्रेच्या हिशेबाची होती. परीक्षानळीत जांभळाचा रस वा चहा टाकला की मुक्त मूलक झपाट्याने नाहीसे होतात, हे खरे. त्यावरून खाद्यपदार्थांना गुण देऊन त्यांच्या याद्याही तयार झाल्या. परंतु शरीर या रंगद्रव्यांना परके समजते. त्यांचा थोडाच अंश आतड्यातून रक्तात येतो. यकृत त्यांचे रूप पालटते आणि काही तासांत ती बाहेर टाकली जातात. पेशीतील स्वतःच्या ग्लुटाथायोनच्या साठ्यापुढे त्यांचे प्रमाण हजारांश इतकेही भरत नाही. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची संरक्षक शक्ती वाढलेली दिसते. तिचा शोध घेता २००४ मध्ये असे आढळले की, त्याचे मुख्य कारण सफरचंदातील रंगद्रव्ये नसून त्यातील फळसाखरेमुळे तात्पुरते वाढलेले यूरिक आम्ल होते. अमेरिकेच्या कृषिखात्यानेही परीक्षानळीतील गुणांची आपली यादी २०१२ मध्ये मागे घेतली.

मग भाजी-फळांचा उपयोग कोणत्या वाटेने होतो? या प्रश्नाचे आज मिळणारे उत्तर जुन्या उत्तरापेक्षा अधिक मनोरम आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पॉल तलालय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ब्रोकोलीतून सल्फोराफेन नावाचे द्रव्य वेगळे काढले. कोबी, मुळा, मोहरी हे ब्रोकोलीचेच भाऊबंद, आणि मोहरीच्या तिखटपणाला कारण असलेले द्रव्य हे सल्फोराफेनच्याच जातीचे. ही द्रव्ये भाजीत तयार स्थितीत नसतात. भाजी चिरली अथवा चावली म्हणजे तिच्यातील दोन घटक एकत्र येऊन ती उत्पन्न होतात. किडीला पळवून लावावे, हा वनस्पतीचा त्यामागील हेतू. सल्फोराफेन स्वतः मुक्त मूलकांना विशेष शमवीत नाही. ते पेशीला किंचित डिवचते. पेशीत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन असते आणि केप-१ नावाचे दुसरे प्रथिन त्याला एरवी धरून ठेवते. जपानमधील मासायुकी यामामोटो यांच्या गटाने १९९० नंतरच्या दशकात ही जोडी उजेडात आणली. डिवचणारे द्रव्य येताच केप-१ ची पकड सुटते, एनआरएफ-२ पेशीकेंद्रात जाते आणि संरक्षक एन्झाइमे घडविणाऱ्या अनेक जनुकांना एकदम कामाला लावते.

पूर्वी गावात रात्री जागल्या असे. त्याचा डोळा लागला तर दारावर एक थाप मारणे पुरेसे होई. गावाचे रक्षण तो स्वतःच करी. भाजीतील द्रव्ये अशी थाप मारतात. त्यांची मात्रा अल्प असते, हा त्यांचा दोष ठरत नाही, कारण थापेला मोठे बळ लागत नाही. परीक्षानळीत न उलगडणारे कोडे या दृष्टीने पाहिले की सुटू लागते. चीनमधील चिदोंग भागातील हवा दूषित होती. तेथे २९१ लोकांवर बारा आठवडे झालेल्या प्रयोगात ब्रोकोलीच्या मोडांचे पेय घेणाऱ्यांच्या शरीरातून बेंझीन या विषारी द्रव्याचे उत्सर्जन ६१ टक्क्यांनी वाढल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते द्रव्य बाहेर टाकणारी यंत्रणा त्यांच्या स्वतःच्या शरीराचीच होती.

डेन्मार्कमधील एका लहान पण काटेकोर प्रयोगाने भाजी आणि गोळी यांची थेट तुलना केली. धूम्रपान न करणाऱ्या ४३ निरोगी व्यक्तींचे तीन गट करण्यात आले. पंचवीस दिवस एकाला रोज ६०० ग्रॅम फळे-भाज्या मिळाल्या, दुसऱ्याला तेवढ्या फळभाज्यांत असणारी जीवनसत्त्वे व खनिजे गोळीतून मिळाली, तिसऱ्याला दोन्ही नाही. रक्तातील स्निग्ध कणांची ऑक्सिडीकरणाला तोंड देण्याची शक्ती आणि तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचे कार्य भाज्या-फळांनी गोळ्यांपेक्षा अधिक वाढले. डीएनएच्या झिजेत मात्र तिन्ही गटांत फरक पडला नाही. निरोगी माणसाच्या शरीरात त्या झिजेची दुरुस्ती मुळातच चोख होत असते. तेथे भाजीने चमत्कार घडवावा, अशी अपेक्षा करणे योग्य होणार नाही. शिवाय भाज्यांचे उपकार केवळ ऑक्सिडीकरणाच्या हिशेबात मोजणेही अन्यायाचे आहे. त्यांतील चोथा, पोटॅशियम आणि फोलेट यांचे कार्य स्वतंत्र आहे. आणि ताटातील ज्या जागेत भाजी येते त्या जागेतून तळलेला वा अतिगोड पदार्थ आपोआप मागे सरतो, हाही लाभ लहान नाही.

या ज्ञानाच्या प्रकाशात आपल्या जुन्या पाकरीती पाहिल्या तर त्यांतील पुष्कळ शहाण्या ठरतात. कॅरोटीन स्निग्ध द्रव्यात विरघळते. म्हणून मेथी-पालकाला किंवा भोपळ्याला दिलेली तेलाची फोडणी ते अंगी लागण्यास मदत करते. टोमॅटोतील लाल रंगद्रव्य कच्च्या फळापेक्षा शिजविलेल्या सारातून अधिक चांगले शोषले जाते. उलट क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते आणि पाण्यात उतरते. तेव्हा भाजी उकडून पाणी ओतून देणे हा तोट्याचा व्यवहार, आणि वरण पानात वाढल्यावर त्यावर लिंबू पिळणे हा नफ्याचा. त्याच लिंबामुळे पालेभाजीतील लोहही अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र लोहाच्या शोषणाला अडथळा करतो. चहातील ज्या द्रव्यांची अँटिऑक्सिडंट म्हणून वाखाणणी होते, तीच येथे आड येतात. पांडुरोगाने त्रस्त असलेल्या स्त्रियांनी जेवण आणि चहा यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवणे हिताचे.

हळदीचे उदाहरण तर फार बोलके आहे. हळदीतील कुर्कुमिन रक्तात अगदी अल्प उतरते. बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले की, मिऱ्यातील पिपेरिन सोबत दिले तर त्याचे शोषण कित्येक पटींनी वाढते. आमटीत हळद आणि मिरे एकत्र पडतात तेव्हा दोहोंची मात्रा चिमटीची असते. परंतु हाच शोध घेऊन कुर्कुमिन व पिपेरिन यांच्या जोरकस गोळ्या बाजारात आल्या आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडच्या वर्षांत इटलीत आणि अमेरिकेत झाल्या आहेत. नैसर्गिक वस्तू कितीही घेतली तरी बाधत नाही, हा समज किती पोकळ आहे, हे त्यावरून दिसते.

राहता राहिला ताण निर्माण करणाऱ्या मूळ कारणांचा प्रश्न. सिगारेटच्या एका झुरक्यातील वायूत मुक्त मूलकांची संख्या एकावर पंधरा शून्ये इतक्या पल्ल्याची असते. शरीरातील स्निग्ध द्रव्यांची झीज दर्शविणारी काही द्रव्ये लघवीत मोजता येतात. धूम्रपान करणाऱ्यांत ती अधिक आढळतात आणि धूम्रपान सोडल्यावर कमी होतात. विडी-सिगारेट चालू ठेवून गोळीने तिचे प्रायश्चित्त घेऊ पाहणाऱ्याला फिनलंडच्या प्रयोगाने जे उत्तर दिले, ते कठोर असले तरी निःसंदिग्ध आहे. छिद्र बुजविल्याशिवाय नावेतील पाणी उपसत बसण्यात अर्थ नसतो.

रोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात तर दिवसभराच्या ताटाचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या, फळे, पालेभाज्या आणि कंदमुळे यांचा असावा, असे म्हटले आहे. त्यासाठी परदेशी फळे किंवा महागडी चूर्णे यांची गरज नाही. हंगामातील जांभूळ, आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, अंबाडी, मुळा, भोपळा यांत या द्रव्यांचे वैविध्य पुरेपूर आहे. आणि येथे वैविध्यालाच महत्त्व आहे, कारण प्रत्येक भाजीची थाप निराळी असते. ज्या कुटुंबाच्या मिळकतीत महिन्याला एक बाटली गोळ्यांची बसते, त्याच पैशांत त्या घराला कितीतरी दिवसांची भाजी येते.

लोखंडाच्या गंजाची उपमा या विषयात वारंवार दिली जाते. समजावून देण्यास ती सोयीची आहे; परंतु तिने पुष्कळ दिशाभूलही केली आहे. लोखंड निर्जीव असते. त्याला वरून रंगाचा हात द्यावा लागतो आणि तो जितका जाड तितका बरा. शरीर जिवंत आहे. ते झिजते, झीज ओळखते, दुरुस्त करते आणि थोड्याशा त्रासातून अधिक समर्थ होते. त्याला रंगाचा लेप नको असतो. त्याची स्वतःची व्यवस्था जागी ठेवणारे अन्न, अंगमेहनत आणि धुरापासून मुक्त हवा एवढेच ते मागते. पानाच्या डाव्या-उजव्या बाजूला कोशिंबीर, चटणी आणि पालेभाजी यांना नेमून दिलेली जागा रोज भरलेली असली म्हणजे त्या मागणीचा मोठा भाग पुरा होतो.